माइकवाल्या देवस्सीची मुकी जर्मन बाई

देवस्सी कुणाचा आवाज बंद करू शकतो आणि कुणाचा नाही, यावर अंगमालीच्या पूर्वेकडच्या आमच्या वस्तीत कधी वाद झाला नव्हता. तो कुणाचाही बंद करू शकतो, असंच सगळे धरून चालले होते. त्याला पुरावेही होते. मागे चर्चमध्ये एक वयस्कर फादर होते. ते प्रवचनाला उभे राहिले की इकडे घरात चुलीवरचा भात करपायचा. देवस्सी काय करायचा, बराच वेळ झाला की एक बटण केसभर मागे घ्यायचा, मग आणखी केसभर. फादरना वाटायचं, आपला घसा बसला. ते आवरतं घ्यायचे, आणि बाया घरी जाताना देवस्सीला दुवा देत जायच्या. एकदा निवडणुकीच्या सभेत एका उमेदवाराचाही त्यानं असाच घसा बसवला होता. त्या बिचाऱ्यानं नंतर आठवडाभर काढे घेतले म्हणे. आता ज्याची ही ख्याती, त्यानं एका यंत्रासमोर उभं राहून "मला हिला बोलतं करता येत नाही हो" म्हटलं, तर त्यावर विश्वास कोण ठेवणार?

देवस्सी दिसायला बुटका, आडवा, मानेवर कायम टॉवेल. त्याचा उजवा कान डाव्यापेक्षा मोठा आहे असं म्हणतात, अजून मोजून कुणी पाहिला नाही. मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा तो औसेप्पआशानच्या, म्हणजे औसेप्प उस्तादांच्या, हाताखाली लागला, सुपारीच्या झाडांवर चढून भोंगे बांधायला. आशान गेले तसा धंदा याच्याकडे आला. 'गॅब्रिएल साउंड्स' हे नाव त्यानंच ठेवलं. चर्चचा पेरुन्नाळ असो, शेजारच्या भगवतीचा उत्सव असो की पक्षाची सभा असो, भोंगे त्याचेच. लग्नात नवरामुलगा उशिरा आला तर चालायचा, देवस्सी उशिरा आला तर मुलीचा बाप रडकुंडीला यायचा.

आशाननं त्याला अक्षरं शिकवली नाहीत, एक नियम मात्र हाडात मुरवला. ॲम्प्लिफायर सगळ्यांच्या शेवटी जागा करायचा आणि सगळ्यांच्या आधी झोपवायचा. आधी माइक, मग टेप, मग बाकीच्या पेट्या, आणि सगळं जागच्या जागी बसलं की मग ॲम्प्लिफायरचं लाल बटण. हे उलटं केलं की भोंग्यातून 'ठप्प' असा धक्का निघतो. म्हातारी माणसं दचकतात, पाळण्यातली पोरं रडतात, कधीकधी भोंग्याचा पडदाही फाटतो. माइक कधी लागला हे ज्याच्या मांडवात कुणाला कळत नाही तो खरा माइकवाला, असं आशान म्हणायचे. देवस्सीच्या मांडवात ते कधीच कुणाला कळलं नाही.

बायको ल्यूसी इस्रायलमध्ये एका म्हातारीची देखभाल करायला गेली, 'दोनच वर्षं' म्हणून. ती म्हातारी गेली, दुसरी आली. दुसरी गेली, तर तिचा नवरा शिल्लक राहिला. दोन वर्षांना असे फुटवे फुटत गेले. घराला फरश्या आल्या, फ्रीज आला, गेटवर दोन सिमेंटचे सिंह आले, ल्यूसी तेवढी फोनमधून येत राहिली. तिच्या 'हलो'वरून आज तिकडे म्हातारा जेवला की नाही, एवढं देवस्सी ओळखायचा. कानाचा माणूस. मुलगी जिस्मी त्यानंच वाढवली. तिच्या वेण्यासुद्धा तोच घालायचा, आणि त्या केबल गुंडाळल्यासारख्या दिसायच्या.

तर ही जिस्मी नर्स झाली आणि तिनं जर्मनीचं काढलं. त्यात नवल काहीच नाही. अंगमालीत दगड भिरकावला तर जर्मन शिकवणाऱ्या क्लासच्या पाटीलाच लागेल. तिकडच्या एका इस्पितळानं तिला पत्करलंही होतं, फक्त भाषेची परीक्षा तेवढी पास व्हायची होती. लिहिण्याचा, वाचण्याचा, बोलण्याचा पेपर तिनं पहिल्याच फटक्यात काढला. ऐकण्याच्या पेपरात दोनदा गेली. माइकवाल्याची पोरगी ऐकण्यात नापास, म्हटल्यावर वस्तीला महिनाभर दुसरं काही लागलं नाही. इस्पितळानं कळवलं होतं, या वेळी झाली पास तर या, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला.

घरी कानात इअरफोनची बोंडं घालून तिला सगळं समजायचं. परीक्षेत मात्र आवाज भिंतीवरच्या स्पीकरमधून येतो, वर पंखे घरघरतात, मागची खोकते, आणि नेमका शब्द तिथंच निसटतो. म्हणून तिला जर्मन शिकवणाऱ्या सिस्टर फ्लोरेटांनी आपल्या भाषाकेंद्रात परीक्षेसारखाच हॉल थाटला. दोन स्पीकर, एक कंप्युटर आणि आवाजाची देखरेख करायला देवस्सी. त्याचे भोंगे तेव्हा शेडमध्येच पडून होते. नव्या पोरांच्या छातीत धडधडणाऱ्या काळ्या पेट्यांपुढे त्यांना कोण विचारतो. त्यानं आपली मिक्सर आणि ॲम्प्लिफायर एकत्र असलेली जुनी पेटी पुसून आणली, एका वायरनं कंप्युटरला जोडली, आणि नवी पँट शिवली.

कंप्युटर बसवायला सिस्टरांचा भाचा बिजोय आला होता, कोचीतला इंजिनिअर. एका जर्मन बाईच्या आवाजातले ऐकण्याच्या सरावाचे धडे ज्या प्रोग्रॅममध्ये होते तो इतका जुना होता की नव्या कंप्युटरवर चालेना. तेव्हा बिजोयनं कंप्युटरच्या पोटात दुसरा, जुन्या वळणाचा कंप्युटर उभा केला. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात, असं तो म्हणाला.

"चेट्टा, असं समजा, हा मोठा कंप्युटर घरमालक आहे," बिजोय म्हणाला. "त्याच्या माडीवर एक भाडेकरू ठेवलाय. जर्मन बाईचे धडे त्या भाडेकरूलाच वाचता येतात. त्याला स्वतःची विहीर नाही, नळाला पाणी मालकाचंच. आवाजाचंही तसंच, मालकाचा तोच याचा."

"भाडेकरू कुठे बसतो?"

"कुठेच नाही. आत आहे."

"पेटी उघडली तर दिसेल?"

"नाही दिसणार. तो खरा नाहीच."

देवस्सीनं थोडा विचार केला. लहानपणापासून पवित्र आत्म्यावर विश्वास ठेवला होता, तेव्हा यावरही ठेवायला हरकत नव्हती. "तार कुठली त्याची?" एवढंच त्यानं विचारलं.

"त्याला तार नसते, चेट्टा."

इथं देवस्सी अडला. आवाज गेला की तार बघायची, हे त्याचं सगळं शास्त्र. तार धरून माइकपासून भोंग्यापर्यंत चालत जायचं, वाटेत कुठेतरी उंदरानं कुरतडलेलं सापडतंच. आता तारच नाही म्हटल्यावर चालायचं कुठून?

बिजोयनं कळ दाबली. हॉलमध्ये जर्मन बाई खणखणीत बोलली. मुलींनी टाळ्या वाजवल्या, बिजोय कप्पा, म्हणजे उकडलेला टॅपिओका, आणि मासे जेवून गेला, आणि त्याच रात्रीच्या विमानानं डब्लिनला नोकरीवर निघूनही गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवस्सीनं हॉल उघडला. कंप्युटर चालू केला. बिजोयनं लावून दिल्याप्रमाणे आतला भाडेकरू आपोआप उठला. मग सगळ्यात शेवटी, रीतीप्रमाणे, देवस्सीनं आपल्या पेटीचं लाल बटण दाबलं. आवाजाविना, लोण्यातून सुरी जावी तशी पेटी जागी झाली. जिस्मीनं धडा लावला. पडद्यावर बाईचे ओठ हलत होते. शब्द एक नाही.

देवस्सीनं पेटी तपासली, स्पीकर तपासले. घरमालकाच्या अंगणात, म्हणजे बाहेरच्या कंप्युटरवर, मातेचं एक गाणं लावून पाहिलं. गाणं झकास वाजलं. भाडेकरू तेवढा मुका.

डब्लिनला फोन गेला. बिजोय कामातून डोकं काढून सांगायचा. आतल्या कंप्युटरला साउंड कार्ड दिलंय का बघा. दिलंय. मग दुसऱ्या जातीचं देऊन बघा. दिलं. आवाजाच्या चिन्हावर काट मारलेली नाही ना? नाही. "ठीक आहे, आता सगळं बंद करून पुन्हा चालू करा." प्रत्येक उपायाचं शेपूट हेच. आणि देवस्सी सगळं बंद करून पुन्हा चालू करायचा. आधी आपली पेटी झोपवायचा, मग कंप्युटर. मग कंप्युटर उठवायचा, आणि शेवटी पेटी. आशानना स्वर्गातून पाहताना भरून यावं अशा शिस्तीनं. आणि बाई मुकी.

सिस्टरांनी मुलींना बजावलं होतं, यंत्र चालू-बंद देवस्सीशिवाय कुणी करायचं नाही. मुली रोज यायच्या, देवस्सीच्या पाठीकडे बघत बसायच्या.

"चेट्टा, आज तरी?"

"आज दुसरं कार्ड घातलंय. बघू."

"कालही दुसरंच घातलं होतं."

"काल दुसरं होतं, आज तिसरं."

तेवढ्या वेळात सिस्टर स्वतः पुस्तकातून धडे वाचून दाखवायच्या. पण सिस्टरांचं जर्मन त्रिशूरच्या वाटेनं आलेलं, त्यातून जर्मनीला पोचणं अवघड होतं.

केंद्रासमोर रस्त्यापलीकडे कुंजुवारीदचं चहाचं दुकान. तिथं वाफेपेक्षा बातम्या जास्त उठतात. आधी तिथं देवस्सीची कीव झाली. मग कुणीतरी चहात बिस्किट बुडवता बुडवता म्हणालं, "फादरचा घसा ज्यानं बसवला, त्याला एका जर्मन बाईचा उघडता येत नाही?" मग कुंजुवारीदनं फडकं खांद्यावर टाकलं. "बायको गेली ती गेलीच. आता पोरगी चालली. बटणं कुणाच्या हातात आहेत?"

झालं. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट मासळीबाजारातून फिरून, चर्चच्या पायऱ्या चढून देवस्सीच्या घरी त्याच्या आधी पोचली.

देवस्सीच्या कानावर आलं तेव्हा तो हसला. "वेडेत. माझ्या मनात असं कसं येईल? ती जातेय याचा मला आनंदच आहे." हे तो ज्याला त्याला सांगत सुटला. दूधवाल्यानं विचारलं नव्हतं, त्यालाही सांगितलं. सांगताना त्याचा चेहरा मात्र दाढ काढून घ्यायला बसलेल्या माणसासारखा व्हायचा, आणि आमची वस्ती चेहरे वाचण्यात कधी नापास झालेली नाही.

रात्रीच्या फोनवर ल्यूसीनंही तेच काढलं.

"मला खरं सांगा. तुम्ही करताय ना हे?"

"ल्यूसी, शपथेवर सांगतो..."

"शपथ नको. त्या पुढाऱ्याच्या वेळीसुद्धा तुम्ही शपथच घेतली होती. मुलीला जाऊ द्या."

"मी कुठे धरून ठेवलंय तिला?"

"तुम्ही धरत नाही हो. तुम्ही फक्त आवाज कमी करता. चौदा वर्षं ओळखत नाही का मी तुम्हाला फोनवरून?"

जिस्मी पलीकडे युनिफॉर्मला इस्त्री करत होती. तिनं मान वर केली नाही. त्या दिवसापासून ती वडिलांशी बोलायची, पण मोजकं. जेवायला या, औषध घ्या, छत्री न्या. देवस्सीला लोकांच्या बोलण्याचं काही वाटलं नव्हतं. हे न बोलणं मात्र त्याला टोचत राहिलं. दिवसभर त्या मुक्या यंत्रापुढे बसायचं आणि संध्याकाळी या मुक्या मुलीपुढे, आणि दोन्हीकडे कुठली तार धरायची ते कळत नाही.

मध्येच संत सेबास्त्यानचा पेरुन्नाळ आला. अंबु मिरवणूक, म्हणजे संताच्या बाणांची, घरोघर फिरते तेव्हा भोंग्याची गाडी देवस्सीचीच लागते, त्या कामाला काळ्या पेट्यांची पोरं अजून टिकलेली नाहीत. देवस्सी दिवसभर गाडीवर. हॉल उघडायला सिस्टर फ्लोरेटा स्वतः गेल्या. त्यांना बटणांतलं काही कळत नाही, म्हणून त्यांनी डावीकडून सुरुवात केली आणि दिसेल ते दाबत उजवीकडे गेल्या. सगळ्यात डावीकडे होतं लाल बटण. स्पीकरमधून 'ठप्प' असा आवाज आला, सिस्टरांनी छातीवर क्रूस काढला, बाकीची बटणं दाबली, आणि जिस्मीनं आपला सहज म्हणून धडा लावला.

जर्मन बाई बोलली. दिवसभर बोलली. मुली तिच्यामागून म्हणून म्हणून घसे सुकवून घरी गेल्या.

संध्याकाळी देवस्सी गाडीवरून उतरला तर कुंजुवारीद वाटेतच उभा. "देवस्सी, तू नसलास की ती बाई बोलते रे. तुला लाजते की काय?"

देवस्सीला आधी खरंच आनंद झाला, असं त्याला पाहणारे सांगतात. "बोलली? आवाज कसा होता? फाटत नव्हता ना?" मग आजूबाजूच्या माणसांकडे पाहिल्यावर त्याच्या ध्यानात आलं की हे कुणी आनंदानं सांगत नाहीये.

दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी हॉलवर पोचला. आज काही बदलायचं नाही, काल चाललं तसंच चालू द्यायचं, असं ठरवून त्यानं हात धुतले, देवाचं नाव घेतलं आणि रोजच्यासारखं एकेक बटण दाबत गेला. शेवटी लाल. मुली बसल्या. सिस्टर दारात येऊन थांबल्या. जिस्मीनं धडा लावला.

बाईचे ओठ हलत होते.

मागच्या बाकावरून कुणीतरी बारीक हसलं आणि लगेच थांबलं. जिस्मी उठली, वही पोटाशी धरली आणि वडिलांच्या बाजूनं न जाता पलीकडच्या दारानं बाहेर गेली.

"देवस्सी," सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ होता, त्यामुळे जास्त लागला. "परीक्षा होईपर्यंत तुम्ही नका येऊ. मी काही विचारत नाही. पण नका येऊ."

"सिस्टर, मी काहीच केलं नाही."

"मी कुठं म्हणाले केलंत?"

देवस्सीनं टॉवेल मानेवरून काढला, परत घातला. बोलण्यासारखं होतंच काय? काल तो नव्हता आणि बाई बोलली, आज तो आहे आणि बाई मुकी. कोर्टात उभं केलं असतं तर त्यानं स्वतःलाच शिक्षा दिली असती. त्या रात्री तो आपल्या बोटांकडे बघत बसला होता. फादरच्या वेळी बोटं सांगितल्यावर मागे जायची. आता न सांगता जात असतील का? मनातलं बोटांना आपोआप कळत असेल का? माणूस झोपेत बोलतो, तसं एखाद्याच्या हातून जागेपणी होत असेल. स्वतःच्या हातावरचा विश्वास उडाला की माइकवाल्याजवळ राहतं काय, कान तेवढे.

दुसऱ्या दिवसापासून तो सकाळी कुंजुवारीदच्या बाकावर येऊन बसू लागला. घरी तरी काय करणार. कट्टन, म्हणजे बिनदुधाचा, चहा घ्यायचा आणि समोरच्या बंद काचांकडे बघत राहायचं. कुंजुवारीदनंही दोन दिवस टोमणे मारले, मग त्यालाच कसंतरी वाटलं. तो गुपचूप चहात साखर जास्त घालू लागला.

असाच बसलेला असताना एका सकाळी पलीकडून 'ठप्प' ऐकू आलं. देवस्सीनं डोळे मिटले. आशान असते तर त्यांनी सिस्टरांना झाडावरच चढवलं असतं. मग काही क्षण गेले आणि एक छोटी गोड घंटी वाजली, कंप्युटर उठताना वाजते ती. आणि मग बाईचं बोलणं.

देवस्सीचा ग्लास ओठाशी थांबला.

"काय रे, चहात माशी?" कुंजुवारीदनं विचारलं.

"ती घंटी मी कधी ऐकली नाही."

"कुठली? चर्चची?"

"कंप्युटरची. उठताना वाजते ती. इतके दिवस मी रोज उठवतोय त्याला, हॉलमध्ये ती मला कधीच ऐकू आली नाही." तो हळूहळू बोलत होता. "कशी येईल? मी उठवतो तेव्हा माझी पेटी झोपलेली असते. सिस्टर ती आधी उठवतात. बिजोयनं भाडेकरू आणला तेव्हाही ती जागीच होती."

"मग?"

"भाडेकरू सकाळी उठला की एकदाच नळ बघत असणार. पाणी दिसलं तर दिवसभर पाणी. नाही दिसलं तर या घरात नळच नाही असं धरून बसतो. मग मी शेवटी पेटी चालू करतो, मालकाला मिळतो आवाज, हा मात्र विचारतसुद्धा नाही. सगळं बंद करून पुन्हा चालू करा म्हणायचा बिजोय. मी पुन्हा तेच करायचो."

कुंजुवारीदनं चहा गाळायचा थांबवला. "म्हणजे तू रीतीनं वागलास, म्हणून बिघडलं?"

"हो."

"आणि सिस्टर अडाण्यासारख्या दाबतात, म्हणून चालतं?"

"हो."

कुंजुवारीद बाकावर त्याच्या शेजारी येऊन बसला. हे तो गिऱ्हाइकासाठी कधी करत नाही. "देवस्सी, माझं ऐक. हे कुणाला सांगू नकोस. त्यापेक्षा मुद्दाम केलं म्हण. ते लोकांना पटेल, दोन दिवस बोलतील आणि विसरतील. हे असलं सांगितलंस तर जन्मभर हसतील, वर पटणारही नाही."

देवस्सीला त्याचं म्हणणं खोडता येईना. तरी संध्याकाळी तो घरी गेला. जिस्मी अंगणात बसून मत्ती मासळीचे खवले काढत होती, शेजारी मांजर वकिलासारखं बसलं होतं. देवस्सीनं उभ्याउभ्या सगळं सांगितलं. आशानचा नियम, लाल बटण, भाडेकरू, नळ, घंटी. सांगता सांगता त्याला स्वतःलाच ते कुभांड वाटायला लागलं. खरी गोष्ट इतकी लांबलचक नसते, असं त्याला वाटून गेलं.

जिस्मीनं ऐकून घेतलं. मासा उलटा केला.

"झालं सांगून?"

"झालं."

"अप्पच्चा, हे तुम्हाला आधी ठाऊक नव्हतं?"

"नव्हतं, मोळे."

"आणि ठाऊक असतं तर?"

देवस्सीनं तोंड उघडलं. जिभेवर एक उत्तर तयार होतं, दूधवाल्यालाही दिलेलं. ते बाहेर आलं नाही. मांजरानं एक शेपूट पळवलं, ते दोघांनीही पाहिलं, कुणी हुसकलं नाही.

"उद्या हॉलवर या," ती शेवटी म्हणाली. "सिस्टरना मी सांगते."

सकाळी देवस्सी नवी पँट घालून गेला. मुली आधीच येऊन बसल्या होत्या. तमाशा आहे म्हटल्यावर उशिरा कोण येतं. सिस्टर कपाटाला टेकून उभ्या होत्या, हातात जपमाळ. जिस्मी टेबलाशी आली आणि लाल बटणाच्या आड उभी राहिली.

"लावायच्या आधी एक सांगा," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण हॉलमध्ये पंखासुद्धा चालू नव्हता. "मी जाऊ की नको?"

सिस्टर म्हणाल्या, "जिस्मी, अगं हे काय..."

"त्यांना बोलू द्या, सिस्टर."

देवस्सीनं तिच्याकडे पाहिलं. कितीजणांना त्यानं सांगितलं होतं की मला आनंदच आहे. सगळी वस्ती ते पाठ म्हणू शकली असती. त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं.

"नको," तो म्हणाला.

जिस्मीचे डोळे भरून आले, पण ती रडली नाही, तिचं नाक तेवढं लाल झालं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती वडिलांच्या चेहऱ्याकडे सरळ बघत होती.

"आता त्या नळाचंही पटलं," ती म्हणाली आणि बाजूला सरकली. "लावा."

देवस्सीनं सगळ्यात आधी लाल बटण दाबलं. धक्का बसला तेव्हा त्यानं खांदे वर घेतले, पावसात छत्री नसलेला माणूस घेतो तसे. मग पंखा, मग कंप्युटर, मग घंटी, मग भाडेकरू. मग जर्मन बाई, स्वच्छ, जरासुद्धा न फाटता, वरच्या पंख्याच्या घरघरीतून सरळ शेवटच्या बाकापर्यंत. इतका चांगला आवाज त्या हॉलमध्ये त्या दिवसापर्यंत लागला नव्हता. त्यानं बटणं जुळवली होती, तेव्हा लागायलाच हवा.

मुली लिहू लागल्या. सिस्टरांनी जपमाळ खिशात टाकली आणि देवस्सीसाठी खुर्ची सरकवली. तो बसला नाही. बाई बोलत राहिली, मध्ये थांबली, पुन्हा तेच बोलली. धड्यांच्या मध्ये जरा उसंत मिळाली तसा तो वाकून जिस्मीच्या बाकाशी गेला.

"काय म्हणते ती?"

"म्हणते, सोमवारी पोहण्याचा तलाव बंद असतो."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग यात तू दोनदा नापास कशी झालीस, मोळे?"

"मागच्या वेळी मला मंगळवार ऐकू आला होता," जिस्मी म्हणाली, आणि बाई पुढचं बोलायला लागली म्हणून तिनं त्याला हातानंच खुर्चीकडे जायला सांगितलं.